अर्धांगवायूतील स्नायुताठरता आणि तिचे उपचार : भिवंडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

अर्धांगवायूचा झटका आल्यावर प्रारंभीचे काही दिवस, क्वचित काही आठवडे, रोग्याचा हात व पाय लुळा पडलेला असतो. उचलून सोडला तर तो धपकन खाली पडतो. पुढे पुष्कळ रोग्यांच्या बाबतीत याच्या अगदी उलट स्थिती हळूहळू प्रकट होऊ लागते. कोपर दुमडते, मनगट खाली झुकते, बोटे तळव्यात मिटतात व अंगठा त्यांच्या मुठीत अडकून बसतो. पाय मात्र सरळ ताठ राहतो, टाच भुईला टेकत नाही आणि चालताना तो अर्धवर्तुळात फिरवून टाकावा लागतो. आधुनिक वैद्यक या अवस्थेस ‘स्पॅस्टिसिटी’ म्हणते. प्रस्तुत लेखात आम्ही तिला स्नायुताठरता असे म्हटले आहे. झटक्यातून वाचलेल्या रोग्यांपैकी साधारणतः चौथ्या हिश्श्यापासून दोन पंचमांशांपर्यंत रोग्यांस ती कमीअधिक प्रमाणात जडते, असे निरनिराळ्या पाहण्यांवरून दिसते.

आपल्याकडील वैद्यकाच्या इतिहासकारांनी प्लेग, देवी, पटकी इत्यादी साथींकडे जितके लक्ष पुरविले तितके या विषयाकडे पुरविलेले नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. साथ आली की सरकारी दप्तर निर्माण होते. घराच्या कोपऱ्यात खाटेवर बसून राहिलेल्या, मूठ न उघडणाऱ्या माणसाचे दप्तर कोणी ठेवीत नाही. मुंबई इलाख्यातील दवाखान्यांच्या वार्षिक अहवालांत रोग्यांची संख्या व रोगांचे वर्ग सापडतात, परंतु पक्षाघाताच्या रोग्याचे सहा महिन्यांनी काय झाले हे त्यांवरून कळावयाचे नाही. म्हणून या इतिहासाची साधने अन्यत्र, म्हणजे शास्त्रग्रंथांत, भाषेत, तीर्थस्थानांत व उपचारपद्धतींत शोधावी लागतात. भिवंडी हे गाव त्या दृष्टीने विशेष सोयीचे आहे. आयुर्वेद, युनानी, उष्णोदकाची कुंडे आणि मुंबईचे आधुनिक पुनर्वसनशास्त्र या चारही प्रवाहांचा संबंध या एका तालुक्याशी येतो.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत ‘लुळा’ आणि ‘आखडलेला’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत व सामान्य माणूस त्यांची गल्लत करीत नाही. हात लुळा पडला म्हणजे त्यातील जोर गेला, हात आखडला म्हणजे तो आपल्या इच्छेविरुद्ध ओढला गेला. याउलट ‘लकवा’ हा शब्द आपण सरसकट वापरतो. तो मूळचा अरबी असून युनानी वैद्यकात त्याचा अर्थ केवळ चेहरा वाकडा होणे एवढाच आहे, म्हणजे आयुर्वेदात ज्यास अर्दित म्हणतात तो विकार. अर्ध्या अंगाच्या पक्षाघातास युनानीत ‘फालिज’ ही संज्ञा आहे व तिचा धात्वर्थ दोन भाग होणे असा आहे. मराठीने लकव्याचा अर्थ ताणून तो सर्वांगास लावला आणि फालिज हा शब्द मराठीत रुळला नाही. भिवंडीच्या मोमीन वस्तीत मात्र तो आजही कानी पडतो.

आयुर्वेदीय संहितांत या विषयाचे वर्णन पाहू लागले म्हणजे एक विचार करण्याजोगी गोष्ट आढळते. सुश्रुताने निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पक्षाघाताचे जे वर्णन केले आहे त्यात वायू सांध्यांची बंधने सैल करतो असे म्हटले आहे. हे उघडच लुळ्या अवस्थेचे चित्र होय. चरकाने चिकित्सास्थानाच्या २८ व्या अध्यायात अर्ध्या शरीरातील सिरा व स्नायू शुष्क होतात आणि हात किंवा पाय संकोच पावतो असे सांगितले आहे, आणि तेथे वेदनेचाही उल्लेख आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयात या दोन्ही वर्णनांतील पदे एकत्र केली : स्नायू सुकतात आणि सांधेही सैल होतात. टीकाकारांनी यास मतभेद मानून समन्वय करण्याचा प्रयत्न केला. आमच्या मते हा मतभेद नसून एकाच रोगाच्या दोन काळांतील निरीक्षणे असावीत. ज्याने रोगी पहिल्या आठवड्यात पाहिला त्यास तो सैल दिसला, ज्याने चौथ्या महिन्यात पाहिला त्यास तो आखडलेला दिसला. हे अनुमान आहे व ते अनुमान म्हणूनच घ्यावे. संहितांत स्नायू म्हणजे आजच्या अर्थाने मांसपेशी नव्हे, बंधनात्मक तंतू होय, हेही विसरता कामा नये.

उपचाराच्या बाबतीत स्नेहन आणि स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक, हा दोन्ही संहितांचा आधार आहे. चरकाने त्यांच्या जोडीला विरेचन सांगितले. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या पाचव्या अध्यायात मृदू शोधन, अनुवासन व आस्थापन बस्ती, मस्तकावर तेल धारण करण्याचा शिरोबस्ती, अणुतैलाचा अभ्यंग, शाल्वण नावाचे पोटीस असा विस्तृत क्रम दिला असून तो आळस न करता तीन-चार महिने चालू ठेवावा असे बजावले आहे. या कालमर्यादेत आधुनिक निष्कर्षांची पूर्वसूचना शोधण्याचा मोह काही लेखकांस होतो. तो टाळणे बरे. अधिक महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हा उपचार कोणावर करावा हे सांगताना सुश्रुताने रोग्याची लक्षणे मोजली आहेत : ज्याचे अंग सुकलेले नाही, ज्यास वेदना आहे, जो मनाने खंबीर आहे, आणि जो ‘उपकरणवान्’ आहे, म्हणजे ज्याच्यापाशी साधनसामग्री आहे. दीर्घ उपचार हा साधनवंताचाच उपचार असतो हे त्याने आडपडदा न ठेवता लिहून ठेवले. पुढील सर्व इतिहासात हा शब्द आपली पाठ सोडीत नाही.

स्वेदनाच्या समर्थनार्थ चरकाने सूत्रस्थानात एक दृष्टांत दिला आहे. वाळलेले लाकूडसुद्धा तेल व उष्णता यांच्या योगाने हवे तसे वाकविता येते, मग जिवंत माणसाचे काय, असा त्याचा आशय. दृष्टांत मोहक आहे, पण आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर तो अर्धाच टिकतो. आखडलेल्या अंगात दोन भिन्न गोष्टी एकत्र नांदत असतात. एक, मज्जासंस्थेच्या बिघाडामुळे स्नायू ताणला की त्याने उलट ओढणे. दुसरी, दीर्घकाळ आखूड राहिल्याने स्नायू व त्याभोवतीचे तंतू प्रत्यक्षच आखूड व कडक होणे. लाकडाचा दृष्टांत दुसऱ्या गोष्टीस लागू पडतो. पहिल्या गोष्टीत स्नायू लाकडासारखा निष्क्रिय नसतो, तो प्रतिकार करतो. हात संथपणे उघडला तर उघडतो, झटका दिला तर तिथल्या तिथे अडतो. मालीश करणाऱ्याच्या बोटांना हा भेद शतकानुशतके जाणवला असलाच पाहिजे, परंतु त्याची उपपत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणास सापडली नव्हती.

भिवंडीत युनानी परंपरेचा आधार येथील लोकवस्तीत आहे. कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती येथे होतीच. १८५७ नंतरच्या काळात व पुढील दुष्काळांच्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानातून विणकर मोमीन कुटुंबे येऊन स्थायिक झाली, त्यांनी हातमाग आणले व विसाव्या शतकात त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. युनानी शास्त्राप्रमाणे फालिज हा थंड व ओल्या प्रकृतीचा विकार आहे. प्रथम ‘मुंजिज’ देऊन दोष पक्व करावा, मग ‘मुसहिल’ देऊन तो बाहेर काढावा, आणि बाहेरून रोगनांची मालीश, शेक व हमाम हे उपाय करावेत असा त्याचा क्रम. अंग सैल पडण्यास ‘इस्तिरखा’ आणि आखडण्यास ‘तशन्नुज’ अशा दोन स्वतंत्र संज्ञा या शास्त्रात आहेत, एवढेच नव्हे तर तशन्नुजाचे ओला व कोरडा असे पोटभेदही आहेत. मौज अशी की आयुर्वेदाने वायूस थंड व कोरडा मानले आणि युनानीने फालिजास थंड व ओला मानले. उपपत्ती विरुद्ध, परंतु दोघांचे औषध एकच : तेल आणि ऊब. कबुतराचे मांस वा रक्त यांसारखे घरगुती उपायही याच उष्णतेच्या कल्पनेतून आलेले दिसतात. त्यांपासून लाभ होतो यास काहीही पुरावा नाही.

ही ऊब भिवंडी तालुक्यात जमिनीतूनच मिळते. गावापासून पंचवीस-तीस किलोमीटरांवर तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. उत्तरेस पालघर जिल्ह्यातील कोकणेर व सातिवली यांपासून दक्षिणेस रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी उन्हाळ्यांची जी लांबलचक रांग गेली आहे तिचाच हा एक दुवा होय. पाणी भूगर्भात खोल झिरपून तापते व खडकांतील भेगांतून वर येते, त्यात क्षार असतात व काही ठिकाणी गंधकाचा वास येतो. कुंडागणिक उष्णता भिन्न असली तरी ती बहुधा ४० ते ५५ अंश सेल्सियसच्या दरम्यान असते. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या झऱ्यांचे वर्णन आहे. वज्रेश्वरीचे सध्याचे देऊळ १७३९ च्या वसई मोहिमेशी निगडित आहे. वसई हाती आल्यास देवीचे मंदिर बांधीन असा चिमाजी अप्पांनी नवस केला होता व तो पुढे फेडण्यात आला. गणेशपुरीस भीमेश्वराच्या देवळाजवळ १९३६ च्या सुमारास स्वामी नित्यानंद येऊन राहिले. १९६१ मध्ये त्यांनी समाधी घेतली, त्या अवधीत तेथील कुंडांची व्यवस्था लागली आणि यात्रेकरूंची वर्दळ पुष्कळ वाढली.

संधिवाताचे व पक्षाघाताचे रोगी या कुंडांकडे फार पूर्वीपासून येत आले आहेत. ही केवळ अंधश्रद्धा होय असे म्हणून तिची बोळवण करणे इतिहासदृष्ट्या आळसाचे ठरेल. ऊन पाण्यात स्नायूंची ताठरता काही काळ उतरते, तंतू किंचित अधिक ताणले जातात, पाण्याच्या तरंगशक्तीमुळे अंगाचा भार हलका होतो व एरव्ही न हलणारा पाय थोडा हलतो. रोग्यास जे जाणवते ते खरे असते. परंतु हा परिणाम अल्पकाळ टिकतो, पाण्याबाहेर आल्यावर काही वेळाने मूठ पुन्हा मिटते. शिवाय ज्या अंगाची संवेदना गेली आहे त्यास पाणी किती कढत आहे हे कळत नाही, आणि पोळल्याची जाणीव फोड आल्यावरच होते. रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यास अतिउष्ण कुंडात दीर्घकाळ बसणे धोक्याचे असते. तथापि कुंडांचा खरा लाभ पाण्याहूनही तेथील दिनक्रमात असावा असे आम्हास वाटते. आठ-पंधरा दिवस मुक्काम, दिवसातून दोन वेळा कुंडापर्यंत आधाराने चालणे, पायऱ्या उतरणे, नातेवाइकांनी अंग चोळणे आणि सोबतीला आणखी चार तसेच रोगी. आजच्या भाषेत यास नियमित सराव म्हणतात. त्याची गणना मात्र कोणी केली नाही, कारण श्रेय देवीस किंवा पाण्यास जात होते.

आता मुंबईकडे वळू. हिंदुस्थानात पुनर्वसनाच्या आधुनिक शास्त्राचा पाया ज्या रोगाने घातला तो अर्धांगवायू नव्हे, पोलिओ होय. १९४७ साली श्रीमती फातिमा इस्माईल यांनी, आपल्या मुलीच्या आजारपणाच्या अनुभवातून, मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली, आणि १९५५ साली हाजी अली येथे संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अखिल भारतीय भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. या आरंभाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु पोलिओ हा मज्जारज्जूतील चेतापेशींचा रोग असल्यामुळे त्यात स्नायू लुळेच राहतात. तेथे उपाय म्हणजे उरलेल्या तंतूंची शक्ती वाढविणे व दुर्बल पायास कॅलिपरचा आधार देणे. मेंदूतील आघाताने आखडलेल्या हातास हे तर्कशास्त्र जसेच्या तसे लागू पडत नाही. त्या काळी तर ताठर स्नायूस जोराचा व्यायाम दिल्यास तो अधिकच ताठरतो अशी समजूत जगभर दृढ होती. ती चुकीची असल्याचे शतकाच्या अखेरच्या दशकापासून झालेल्या प्रयोगांनी दाखविले.

ताठरतेची उपपत्ती शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने घातली. १८९८ मध्ये त्याने मांजराच्या मेंदूचा वरचा भाग खालच्या भागापासून तोडला असता तिचे पाय खांबासारखे ताठ होतात, आणि त्या पायांकडून मज्जारज्जूस जाणारी संवेदनामुळे कापली तर ताठरपणा नाहीसा होतो, असे दाखविले. म्हणजे ताठरता स्नायूत उत्पन्न होत नाही. स्नायू ताणला गेल्याची वार्ता मज्जारज्जूस पोहोचते व मेंदूचा अंकुश नसल्याने तिचे उत्तर अतिरेकी येते. १९२४ मध्ये लिडेल व शेरिंग्टन यांनी या ताणप्रतिक्षेपाचे सविस्तर वर्णन केले. १९५१ मध्ये ट्विचेल याने अर्धांगवायूतून बाहेर पडणाऱ्या रोग्यांचे निरीक्षण करून लुळेपणा, ताठरता, ठरावीक साच्यातील हालचाल आणि शेवटी स्वतंत्र हालचाल असा क्रम मांडला. सुश्रुत व चरक यांच्या वर्णनांविषयी वर केलेले अनुमान आम्हास याच निबंधाने सुचविले. १९६४ साली अ‍ॅशवर्थ याने ताठरता मोजण्याची श्रेणी तयार केली, जिची सुधारलेली आवृत्ती १९८७ पासून सर्वत्र वापरात आहे. १९८० साली लान्स याने व्याख्या केली : ताणण्याचा वेग जितका अधिक तितका प्रतिकार अधिक. मालीश करणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असलेली गोष्ट अशी शास्त्रात नोंदली गेली.

उपचारकांमध्ये याच काळात एक वाद उभा राहिला. बर्लिनहून निर्वासित होऊन लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ यांचे म्हणणे असे की, ताठर साचे प्रथम दाबून टाकावेत, योग्य स्थितीत अंग ठेवून स्वाभाविक हालचाल शिकवावी. स्वीडनमध्ये जन्मलेल्या व अमेरिकेत काम केलेल्या सिग्ने ब्रुनस्ट्रॉम यांचे मत उलट होते : ते साचे हीच बरे होण्याची पायरी आहे, तिचा उपयोग करून घ्यावा. दोघींचे प्रमुख ग्रंथ १९७० सालीच प्रसिद्ध झाले. भारतातील अभ्यासक्रमांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी शिकविल्या जातात. पुढील तुलनात्मक अभ्यासांत कोणतीही एक पद्धत दुसरीहून निश्चितपणे सरस ठरली नाही. जे काम करावयाचे तेच पुनःपुन्हा करून पाहणे, हा घटक मात्र उपयुक्त ठरला.

औषधांची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९६० च्या दशकात डायझेपाम आले. बॅक्लोफेन १९६२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत अपस्मारासाठी तयार झाले, तेथे ते निरुपयोगी ठरले व ताठरतेवर उपयोगी ठरले. या गोळ्यांनी गुंगी येते व चांगल्या बाजूचे बळही कमी होते, हा त्यांचा दोष. मज्जातंतूजवळ विरल फिनॉल टोचण्याची रीतही त्याच दशकातील आहे. ती स्वस्त आहे, परंतु हात कुशल लागतो. बोट्युलिनम विषाचा उपयोग अर्धांगवायूच्या ताठरतेवर १९८९ मध्ये दास व पार्क यांनी नोंदविला. नेमक्या स्नायूत टोचल्यास तो सुमारे तीन महिने सैल राहतो, पुढे पुन्हा टोचावे लागते. एका वेळचा खर्च हजारो रुपयांत जातो. ताठरता उतरते हे सिद्ध आहे, परंतु हाताचे काम परत येते असे म्हणण्यास पुरावा दुर्बल आहे. उघडलेली मूठ धुता येते, नखे तळव्यात रुतत नाहीत, सदऱ्याची बाही चढते. घरच्या माणसाच्या दृष्टीने एवढेही थोडे नव्हे.

भिवंडीपुरता या प्रश्नाचा आकार किती? मुंबईत २००५-०६ मध्ये झालेल्या लोकसंख्याधारित पाहणीत दर लाखास वर्षाकाठी सुमारे १४५ लोकांस प्रथमच झटका आल्याचे दिसले व त्यांपैकी जवळजवळ तीस टक्के २८ दिवसांच्या आत दगावले. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या ७,०९,६६५ होती. तेच प्रमाण धरले तर वर्षास हजारावर झटके, सुमारे सातशे वाचलेले आणि त्यांपैकी पावणेदोनशे ते पावणेतीनशे ताठर हाताचे, असा स्थूल हिशेब निघतो. येथील वस्तीत तरुण स्थलांतरित कामगार पुष्कळ असल्याने प्रत्यक्ष आकडा कमी असू शकेल, मात्र जो रोगी असेल तो कमावत्या वयाचा असण्याचा संभव अधिक. यंत्रमागावर तुटलेला धागा शोधून त्याची गाठ मारणे, धोट्यातील कांडी बदलणे, ही कामे अंगठा व तर्जनी यांची आहेत. अंगठा मुठीत अडकलेल्या माणसास तेथे जागा नाही. लहान लहान घटकांत विभागलेल्या या धंद्यातील पुष्कळ कामगार १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिले आहेत. हाजी अलीस आठवड्यातून तीन वेळा जावयाचे तर रोग्याचा व सोबत्याचा मिळून रोजगार बुडतो. रोगी पहिल्या आठवड्यांत घरी, मग हकीमाकडे वा वैद्याकडे, मग कुंडावर आणि शेवटी मुंबईस, असा प्रवास होत असेल तर ज्या काळात हात आखडण्यापूर्वी काही करणे शक्य होते तो काळ वाटेतच सरतो.

यावर घरच्यांनाच शिक्षण द्यावे असा मार्ग सुचतो व तो भारतात तपासलाही गेला. ‘अटेंड’ नावाच्या प्रयोगात १४ रुग्णालयांतील १,२५० रोगी घेऊन निम्म्यांच्या नातेवाइकांस पुनर्वसनाचे पद्धतशीर शिक्षण देण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सहा महिन्यांनंतर मृत्यू वा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. तसेच हात ताणून धरणे व पट्ट्या बांधणे यांमुळे सांध्यांची हालचाल लक्षणीय वाढत नाही, असा निष्कर्ष अनेक प्रयोगांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला आहे. हे निष्कर्ष निराशाजनक वाटले तरी त्यांचा अर्थ काहीच करू नये असा नव्हे. केवळ कोणीतरी अंग चोळून वा ताणून देणे पुरेसे नाही, रोग्याने स्वतः, कितीही अल्प का होईना, हालचाल करणे अवश्य आहे, आणि तिची मात्रा कुटुंबाच्या सवडीतून निघणाऱ्या मात्रेहून बरीच मोठी असावी लागते, असे त्यांवरून अनुमान करता येईल.

या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तीन साधनांकडे तातडीने लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. पहिले, भिवंडीतील जुन्या हकीम व वैद्य घराण्यांत नुस्ख्यांच्या वह्या जपलेल्या असतील तर त्यांची नक्कल करून घेणे. दुसरे, वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथे उपचारासाठी मुक्काम करणाऱ्यांच्या मुलाखती : किती दिवसांनी आले, कोणी आणले, आधी कोठे गेले होते. तिसरे, मुंबईतील संस्थांच्या १९५५ ते १९७० या काळातील अहवालांतून पोलिओचे व अर्धांगवायूचे रोगी वेगळे काढून त्यांचे गाव व व्यवसाय नोंदविणे. यांतील पहिल्या साधनास वाळवी लागण्याचा धोका आहे, व दुसऱ्यास वयाचा.